वेठ आणि सेवा

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यात एका शिक्षकबंधूंनी दिलेले व्याख्यान.)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तरुण मंडळींपुढे चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा पूज्य फादरांनी मला केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. सन २०१८ च्या पावसाळ्यात मी व माझे एक स्नेही नेपाळ देशी गेलो होतो आणि तेथील एका डोंगरी शेतकऱ्याच्या घरी राहून, काही मोबदला न घेता, तीन आठवडे त्याच्या शेतात राबलो होतो. तो वृत्तान्त मुलांना सांगावा, म्हणजे त्यांच्या ठायी सेवावृत्ती वाढेल, असा फादरांचा हेतू. हेतू थोर आहे. परंतु जे घडले ते जसेच्या तसे सांगितले, तर त्यात आमची फुशारकी थोडी आणि फजितीच अधिक निघेल, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रवासाचा बेत मी घरी बोलून दाखविला, तेव्हा माझी वृद्ध आई चुलीपुढे बसली होती. परक्याच्या वावरात फुकट राबावयास आपला मुलगा हजार मैल जाणार, हे ऐकून ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आज्यानं जन्मभर तेच केलं. त्यापायी त्याला कधी गाव सोडावं लागलं नाही. तुला शिकवलं ते याच्यासाठी का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मजजवळ नव्हते. आज मी जे सांगणार आहे, ते त्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध होय.

आईच्या बोलण्यातील मर्म तरुणांना कदाचित कळणार नाही, म्हणून थोडे मागे जातो. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे महार वतनाच्या बेडीत जखडलेले होते. चावडीवर हजर राहावे, सरकारी अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहावे, रात्री-अपरात्री परगावी निरोप पोचवावा, लाकूडफाटा आणून टाकावा. आणि या सर्वांच्या बदल्यात वतनाचा जमिनीचा एक तुकडा व दारोदार मागून आणावयाचे बलुते, एवढीच प्राप्ती. घरातील एक पुरुष आजारी पडला, तर दुसऱ्याने जावे. पण "नाही" हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. परंतु वतन प्रत्यक्ष रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे देश स्वतंत्र होऊन दहा वर्षे लोटली, तरी माझा आजा स्वतंत्र झालेला नव्हता. मोबदल्यावाचून परक्यासाठी राबणे याला आमच्या घरात एकच नाव होते, आणि ते म्हणजे वेठ.

आता दुसरी बाजू पाहा. जगात असेही लोक होऊन गेले, की ज्यांनी असे राबणे आपण होऊन पत्करले. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिअर सेरेसोल नावाच्या स्विस गृहस्थाने काही सोबती गोळा केले आणि फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळील एक उद्ध्वस्त खेडे उभारण्यास तो गेला. कालपर्यंत जे एकमेकांचे वैरी होते, त्या राष्ट्रांतील माणसांनी तेथे एकत्र माती उपसली. पुढे १९३४ साली बिहारात भयंकर भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल आपल्या देशी आला आणि तेथील खेडुतांची घरे पुन्हा वसविण्याच्या कामी खपला. त्यानंतर १९७१ साली सू कॉपर्ड नावाच्या लंडनमधील एका कचेरीत काम करणाऱ्या बाईने, शहरातील माणसांना सुटीच्या दिवसांत शेतीची हवा लाभावी म्हणून, ससेक्स परगण्यातील एका शेतावर चार जणांना नेले. तीच चाल आता देशोदेशी पसरली आहे. प्रवाशाने दिवसाचा काही भाग शेतात काम करावे, शेतकऱ्याने त्याला जेवू घालावे व निवारा द्यावा, आणि पैशाची देवघेव करू नये, असा त्यातील करार. आम्ही नेपाळात गेलो ते याच रीतीने.

मनमाडला आगगाडीत बसून गोरखपूर गाठले, तेथून सुनौलीची सीमा ओलांडली आणि मोटारीने काठमांडूस पोचलो. नेपाळात शनिवार हा सुटीचा दिवस असल्यामुळे तेथील भाविक शनिवारीच मोठ्या संख्येने उपासनेस जमतात, हे पाहून मौज वाटली. काठमांडूच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी गोदावरी नावाचे गाव आहे. येशूसंघीय धर्मगुरूंनी १९५१ साली तेथे शाळा काढली. आपल्या नदीचे नाव इतक्या दूर ऐकून, घरचेच कोणी भेटल्यासारखे झाले. आमचे मुक्कामाचे खेडे मात्र काभ्रे जिल्ह्यात, पनौती या जुन्या गावापासून वर डोंगरात होते. २०१५ च्या एप्रिलमधील भूकंपाने त्या बाजूची अनेक घरे पडली होती, आणि तीन वर्षे झाली तरी कित्येक भिंती अर्ध्याच उभ्या होत्या.

आमचे यजमान साठीच्या घरातील गृहस्थ होते. त्यांचा एकुलता मुलगा आखाती देशात मजुरीला गेलेला. तेथील घराघरांतील तरुणांची हीच गत. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी लहान लहान खाचरे, आणि भातलावणीचे ऐन दिवस. त्या लोकांच्या पंचांगात आषाढाचा पंधरावा दिवस लावणीचा सण म्हणून पाळतात. त्या दिवशी दही-पोहे खाऊन सारा गाव चिखलात उतरतो. पुरुष नांगर धरतात आणि कुदळीने बांध सारवतात. रोपे लावणे हे स्त्रियांचे काम.

आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात भाताची आवणी होते खरी. परंतु आम्ही उभयता ज्वारी-बाजरीच्या मुलखातले. तरी उत्साह दांडगा. पहिल्या दिवशी आम्ही एक अख्खे खाचर लावून काढले आणि संध्याकाळी एकमेकांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो, तो निम्मी रोपे मुळे वर करून पाण्यावर तरंगत होती! यजमानीणबाई काही बोलल्या नाहीत. पदराआड हसल्या आणि खाचरात उतरून एकेक रोप पुन्हा लावू लागल्या.

त्या गावी एक सुंदर चाल पाहिली. तिला पर्म म्हणतात. आज तुम्ही सारे माझ्या शेतावर या, उद्या मी तुमच्या शेतावर येईन. दिवसाला दिवस, हाताला हात, मध्ये पैसा नाही. आपल्याकडील सावड म्हणजे हीच गोष्ट. आपले इर्जिकही याच गोतातले. दहा-बारा जणी ओळीने वाकून रोपे लावीत गात असत, आणि कोणाचे किती दिवस देणे आहे, हे प्रत्येकीला तोंडपाठ असे.

याच ओळीत पहिल्या दिवशी एक बाई होती. चाळिशीची असेल, आम्ही तिला दिदी म्हणत असू. हात असा चपळ, की तिची ओळ नेहमी सर्वांच्या पुढे. तिसऱ्या दिवशी ती दिसली नाही, चौथ्या दिवशीही नाही. माझ्या लक्षात आले नाही. माझ्या स्नेह्यांच्या मात्र आले. त्यांनी चौकशी केली. उत्तर सरळ होते. दिदीला स्वतःची जमीन नाही. तिच्या शेतावर फेड करावयास जावे, तर तिला शेतच नाही. म्हणून ती पर्मात नसते, रोजाने येते. यंदा घरी दोन माणसे फुकट राबावयास आली आहेत, तेव्हा तिला रोज देऊन बोलावण्याचे कारण उरले नाही.

त्या रात्री माझे स्नेही जेवले नाहीत. ते लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जात असत. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन, बैलगाडीत चूलभांडी टाकून, कारखान्याच्या तळावर कोपी घालावयाची, हे त्यांचे बालपण. अंधारात ते मला म्हणाले, "मास्तर, लहानपणी लोकांच्या शेतात मी राबलो, तेव्हा मला कोणी पाहुणा म्हटलं नाही. आज पाहुणा झालो, आणि माझ्या आईसारख्या बाईचा रोज खाल्ला."

बंधुभगिनींनो, यजमान दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. दोन पैसे वाचले, तर ते कोणास नको असतात? दोष होता तो आमचा. सेवा करावयास म्हणून आम्ही गेलो. परंतु आमची सेवा कोणाच्या भाकरीवर पाय देऊन उभी आहे, हे पाहण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही. ज्याला भूक नाही, त्याने फुकट राबावयाचे आणि ज्याला भूक आहे, त्याने काम गमवावयाचे, याला पुण्य कसे म्हणावे?

सकाळी आम्ही यजमानांपुढे मन मोकळे केले. आमच्या मोडक्या हिंदीने त्यांचा प्रथम गैरसमज झाला. जेवणात काही उणे पडले की काय, असे त्यांना वाटले. मग सर्व उमगले. ते हसून म्हणाले, की तुमची लावणी पाहता, तिला बोलावणे आम्हांलाही भाग आहे! असे ठरले, की दिदीने रोजाने लावणी करावी, आणि आम्ही शेणखताच्या डोक्यांनी, बांधाच्या दगडांनी आमचा घाम गाळावा. त्या कामाला कोणी रोजाने लावलेले नव्हतेच.

परंतु तिचे दोन दिवस तर बुडाले होते. निघण्याच्या आधी आम्ही तिच्या घरी गेलो आणि दोन दिवसांची मजुरी तिच्यापुढे ठेवली. तिने ती हातानेच मागे सारली. काम केले नाही, त्याचे पैसे ती घेणार नव्हती. थोडा विचार करून तिने आपल्या घराकडे बोट दाखविले. भूकंपात पडलेली एक भिंत अजून तशीच होती, आणि दगडांचा ढीग खाली ओढ्याकाठी पडला होता. ती म्हणाली, की तुमच्याकडे माझे दोन दिवस निघतात, तर तेच द्या.

आम्ही दोन दिवस दगड वाहिले. दुपारी तिने भाजलेला मका दिला. तिसऱ्या दिवशी निरोप घेताना तिने बोटे मोडून हिशेब केला आणि म्हणाली, "पर्म फिटले." ज्या बाईला गावाच्या देवघेवीत जागा नव्हती, तिने आम्हां परक्यांना आपल्या पर्मात घेतले. तीन आठवड्यांत आम्ही जे काही केले, त्यातील मला खात्रीने सेवा म्हणता येईल असे हे दोनच दिवस.

नेपाळातही वेठीचा इतिहास ताजा आहे. पश्चिमेकडील सखल प्रदेशात कमैया म्हणून कर्जापायी पिढ्यानुपिढ्या राबणारे लोक होते. त्यांची मुक्ती सरकारने २००० सालच्या जुलैत जाहीर केली. डोंगरातील हलिया, म्हणजे कर्जापायी दुसऱ्याचा नांगर धरणारे लोक. त्यांची मुक्ती २००८ साली. आपल्याकडील वतनाप्रमाणेच, कायद्याने बेडी तुटली; पण पायाखाली स्वतःची जमीन आली, असे सर्वांच्या बाबतीत झाले नाही.

मग वेठ कोणती आणि सेवा कोणती? काम तेच, चिखल तोच, मोबदला दोन्हीकडे शून्य. भेद एवढाच, की सेवा करणाऱ्याला "नाही" म्हणता येते, वेठ करणाऱ्याला येत नाही. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते कोणी त्याला लावले म्हणून नव्हे. तो गुरू व प्रभू असताना आपण होऊन खाली वाकला. म्हणूनच ते कृत्य प्रीतीचे झाले. तेच पाय भीतीने धुतले असते, तर त्याची गणना वेठीत झाली असती. आणि ज्याला "नाही" म्हणता येत नाही, त्याच्याकडून सेवेचे नाव सांगून काम घेणे, हा तर वेठीचाच नवा अवतार होय. मजुराची बुडविलेली मजुरी आकाशापर्यंत आक्रोश करते, अशी तंबी संत याकोबाने आपल्या पत्रात धनवानांना दिली आहे. आणि १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात मजुरीचा न्याय हा धर्माचाच विषय असल्याचे जगाला सांगितले.

जुन्या करारातील रूथची कथा आपणांस ठाऊक आहे. तीही परदेशी होती, विधवा होती, आणि तिला शेत नव्हते. परंतु शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी राखावे, असा नियम तेथे होता. म्हणून बवाजाच्या शेतात सरवा वेचताना ती भिकारीण ठरली नाही. ज्याला शेत नाही, त्याचा विचार देवाच्या नियमशास्त्राने असा अगोदर केलेला होता. आणि ज्या संत इसिदोराला आपण शेतकऱ्यांचा आश्रयदाता मानतो, तो स्वतः माद्रिदच्या एका धनिकाच्या शेतावरचा मजूर होता. १६२२ साली संत इग्नाती व संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने, एकाच दिवशी, या मजुरालाही पवित्र ख्रिस्तसभेने संतपद दिले.

हा विचार आपल्या जिल्ह्यात, जो आता अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो, कोणी आचरणात आणला की नाही? आणला, आणि तोही दूरदेशाहून आलेल्या एका माणसाने. येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ साली स्वित्झर्लंडहून आपल्या देशी आले आणि त्यांनी आपले आयुष्य या जिल्ह्याच्या उघड्या माळरानांसाठी वेचले. १९८९ सालापासून आकारास आलेला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह स्थापन केलेली 'वॉटर' ही संस्था, ही त्यांची कामे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणावे, बांध घालावे, झाडे लावावी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, म्हणजे पावसाचे पाणी रानातच मुरते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या दुष्काळी गावांनी हे करून दाखविले. २०२१ साली फादर बाखर प्रभुचरणी विलीन झाले.

या कामात श्रमदानाची अट असे. परंतु तीत एक बारकावा होता, तो मी नेपाळहून परतल्यावर प्रथमच नीट समजून घेतला. भूमिहीन कुटुंबांना ही अट लागू नसे. कारण उघड आहे. पाणी मुरले म्हणजे वाढते ते विहिरीचे पाणी, आणि विहीर असते जमीनवाल्याची. भूमिहीनाला मिळते ती चर खणण्याची मजुरी; उलट चराईबंदीने त्याच्या शेळ्यांचे रान तर जातेच. त्याच्याकडून श्रमदान मागणे म्हणजे, दुसऱ्याच्या विहिरीसाठी त्याला वेठीस धरणे. नियम लहान दिसतो. पण त्यात माझ्या आज्याचे दुःख ओळखणारी दृष्टी आहे.

तरुणांनो, आता तुम्हांला दोन शब्द. तुम्ही परदेशी जा, परगावी जा, मित्राला सोबत घेऊन जा. परक्याचा चिखल अंगाला लागल्यावाचून माणसाचा अहंकार उतरत नाही. परंतु जाताना तीन गोष्टी विचारा. हे काम त्या लोकांनी मागितले आहे, की आपल्याच हौसेने आपण ते करणार आहोत? ज्यांना आपण सोबत राबविणार, त्यांना "नाही" म्हणण्याची मोकळीक आहे काय? आणि आपल्या फुकट श्रमाने कोणाचा रोज तर बुडत नाही ना?

आणखी एक सूचना. इस्राएल लोकांत पन्नासावे वर्ष योबेल वर्ष म्हणून पाळावे, अशी देवाची आज्ञा होती. त्या वर्षी कर्जापायी दास झालेला माणूस मुक्त व्हावा आणि गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यावी. सुवर्णमहोत्सव म्हणजे रोषणाई आणि भोजन एवढेच नव्हे. त्याचे मूळ हे आहे. जमिनी परत देणे आपल्या हाती नाही. परंतु आपल्या धर्मग्रामातून आजही काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. ती उन्हाळ्यात परततात, तेव्हा पावसाळा दाराशी आलेला असतो आणि घरावरचे पत्रे उडालेले असतात. या महोत्सवी वर्षात आपण सावडीची एक वही घालू या. तीत जमीनवाल्याचेही नाव असावे आणि भूमिहीनाचेही, दिवसाला दिवस. ज्याला शेत नाही, त्याच्या दिवसाची फेड शेतात न करता त्याच्या भिंतीवर, छपरावर, मुलीच्या लग्नाच्या मांडवात करावी. उपकार कोणी कोणावर करू नये. फक्त देणे फेडावे.

नेपाळहून परतल्यावर मी आईला सर्व हकिगत सांगितली. लावणीच्या फजितीवर ती हसली. भिंतीच्या गोष्टीपाशी आलो, तेव्हा गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग पहिल्याच दिवशी त्या बाईकडं जायचं होतं."

यापेक्षा अधिक चांगले मला सांगता येणार नाही. प्रभू आपल्या हातांना काम देवो, आणि ते काम प्रथम कोणाच्या दारी न्यावे, हे ओळखण्याची दृष्टी देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.